भायलीतल्या नव्या फ्लॅटने वासणा रोडचे किती द्यायचे?

बडोद्यात संध्याकाळी सहानंतर वासणा रोडने भायलीकडे निघालं की दोन गोष्टी एकदम दिसतात. दोन्ही बाजूंना नव्या स्कीमचे बोर्ड आणि समोर लाल दिव्यांची न हलणारी रांग. बोर्डावर तीन बीएचके, क्लब हाऊस, बागेचं तोंड सगळं लिहिलेलं असतं. रांगेबद्दल अवाक्षर नसतं. ही घरं भरली की रांगेत आणखी किती गाड्या येणार आणि त्यांच्यासाठी चौक सुधारायचा, रस्ता रुंद करायचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, या दोन प्रश्नांना मिळून एकच आकडा शोधायचा, त्याचं नाव डेव्हलपमेंट इम्पॅक्ट फी.

मी बडोद्यात नगररचनेचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं घालवली. अजूनही कोणी ना कोणी विचारायला येतं. प्लॅनिंग शिकून नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, सोसायटीचा नवा सेक्रेटरी, पहिलीच स्कीम टाकणारा छोटा बिल्डर. त्यांना चहाच्या कपावर जे सांगतो तेच इथे क्रमाने मांडतो.

आधी नावांचा गुंता सोडवा

गुजरातमध्ये कोणालाही 'इम्पॅक्ट फी' म्हणा, तो विचारेल, कुठला मजला कायदेशीर करून घ्यायचाय? अनधिकृत बांधकाम नियमित करून देणारा कायदा २०११ साली आला, २०२२ साली पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा लोकांच्या तोंडी हेच नाव बसलं. ती फी झालेल्या चुकीची आहे. आपण बोलतोय ती येणाऱ्या वाहतुकीची. अर्जात नुसतं 'इम्पॅक्ट फी' लिहिलंत तर कागद भलत्याच टेबलावर जाऊन पडेल, म्हणून 'नव्या विकासामुळे वाढणाऱ्या वाहतुकीसाठीचं शुल्क' असं लांबलचक का होईना, पण स्पष्ट लिहा.

बांधकामाच्या वेळी आपल्याकडे आणखी तीन प्रकारे पैसे जातात. विकास शुल्क म्हणजे गुजरात नगररचना व शहरी विकास कायदा, १९७६ मधल्या कलम ९९चं, बांधताना किंवा जमिनीचा वापर बदलताना लागणारं. बेटरमेंट टीपी स्कीममधलं, म्हणजे एका भागातल्या जमिनी एकत्र घेऊन, रस्त्यांची जागा काढून, पुन्हा वाटणाऱ्या नगररचना योजनेतलं. आणि चार्जेबल एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मापात मिळणाऱ्या हक्काच्या बांधकामावर जादा बांधायचं असेल तर जंत्रीच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, टक्क्यांवर मोजायचे पैसे.

फरक असा लक्षात ठेवा. बेटरमेंट विचारतं: रस्ता झाल्याने तुझी जमीन किती महागली? इम्पॅक्ट फी विचारते: तुझ्या घराने रस्त्यावर किती ओझं टाकलं? चार्जेबल एफएसआय काहीच विचारत नाही, जंत्री बघतो आणि पावती फाडतो. १५ एप्रिल २०२३ला जंत्रीचे दर दुप्पट झाले. काही टक्क्यांत सवलत देऊन धक्का थोडा कमी केला गेला, पण मुद्दा तोच: त्या सकाळी रस्त्यावर एक स्कूटरही वाढली नव्हती आणि जंत्रीवर टेकलेले सगळे आकडे हलले. ज्या आकड्याचा गाडीशी संबंध नाही, त्याला वाहतुकीची फी म्हणू नये.

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या नातेवाइकांनी एप्रिल २०२२पासून खरेदीखतावर एक टक्का मेट्रो सेस भरला असेल. तोही वाहतुकीसाठीच आहे, पण जुना फ्लॅट विकत घेतला तरी लागतो. जुन्या फ्लॅटमुळे नवी गाडी कुठून आली? म्हणजे तीही आपल्या अर्थाने इम्पॅक्ट फी नव्हे, कर आहे. कर वाईट असं मी म्हणत नाही. फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

पहिली पायरी: रस्त्यांची यादी, रकमेची नंतर

नवशिके इथेच घसरतात. 'चौरस फुटाला अमुक रुपये लावू' इथून सुरुवात करतात आणि मग त्या पैशाला शोभतील अशी कामं शोधतात. उलट करा. आधी नकाशावर एक क्षेत्र आखा, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथे किती घरं, किती दुकानं, किती गोदामं येतील ते विकास आराखड्यावरून काढा, आणि त्यांच्या वाहतुकीला लागणारी कामं नावानिशी लिहा. कुठून कुठपर्यंत, किती मीटर रुंद, कोणता चौक, कोणता पूल.

प्रत्येक कामापुढे मालक लिहा. जांबुवाच्या पुलावर ट्रक अडकले की सगळं बडोदं हळहळतं, पण तो पूल राष्ट्रीय महामार्ग ४८वर आहे. जो रस्ता बांधण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, त्याच्या नावाने लोकांकडून पैसे घेतलेत तर ते बँकेत पडून राहतील आणि रांग जांबुव्यालाच राहील. असं काम यादीत घ्यायचंच असेल तर ज्याचा रस्ता त्याच्याशी लेखी करार आधी हवा.

खर्चाचा अंदाजही आधीच घ्या. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, त्याला सुमारे २३० कोटी लागले. एखाद्या भागातल्या फ्लॅटवाल्यांच्या फीतून असा पूल उभा राहील, हे स्वप्न पहिल्याच दिवशी सोडा. फी चौक सुधारते, अर्धवट राहिलेला जोडरस्ता पुरा करते, सिग्नल बसवते, बसथांब्याची जागा देते, मोठ्या कामात वाटा उचलते. वाटा हा शब्द महत्त्वाचा.

दुसरी पायरी: जुनं दुखणं नव्याच्या माथी मारू नका

दांडिया बाजारातले एक काका मला दरवेळी ऐकवतात, "अहो, मग आम्ही वेरा कशाला भरतो?" काकांचा प्रश्न बरोबर आहे. घरवेऱ्यातून, म्हणजे घरपट्टीतून, खड्डे बुजतात, दिवे लागतात, रस्ता झाडला जातो. ती चालू देखभाल. इम्पॅक्ट फी देखभालीला वापरायची नसते, ती नव्या क्षमतेसाठी, भांडवली कामासाठी असते. पण काकांच्या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. चौक आजच तुंबलेला असेल तर तो तुंबा आजच्या लोकांचा आहे. उद्या येणाऱ्या माणसाकडून त्याची भरपाई मागता येत नाही.

म्हणून फीचा हिशेब करण्याआधी आजची मोजणी लागते. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात चौकातून किती वाहनं जातात, किती वेळ थांबतात, आणि आपण किती थांबणं चालवून घेतो. ही चालवून घेण्याची पातळी आधी कागदावर ठरवा. आजची स्थिती त्याच्या खाली असेल तर तिथपर्यंत वर आणण्याचा खर्च पालिकेचा. तिथून पुढे नव्या वाहतुकीसाठी जे लागेल ते फीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर आधीपासूनच्या कमतरतेचा खर्च या फीत घालू नका असं शब्दशः लिहिलेलं आहे. ज्या देशात फी लावायची इतकी हौस, तिथेही हे लिहावं लागलं, यावरून मोह किती मोठा असतो ते समजा.

मोजणीबद्दल एक कबुली देतो. एका वर्षी आम्ही वासणा रोडची मोजणी नवरात्रात केली. कारण सोपं होतं, मुलं तेव्हाच मोकळी होती. बडोद्यात नवरात्रात वाहतूक मोजणं म्हणजे एकादशीला भाताचा खप मोजण्यासारखं. रात्री एक वाजता गरब्याहून परतणाऱ्यांनी रस्ता फुललेला आणि सकाळी नऊला सुनसान. दहा दिवसांचे कागद फेकून दिले आणि दिवाळीनंतर पुन्हा उभे राहिलो. उत्तरायण, सुट्ट्या, मोठी परीक्षा, मुसळधार पावसात विश्वामित्री नदी चढलेली असताना, यापैकी कशातही मोजू नका. साधा मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या.

तिसरी पायरी: घरातून फेऱ्या किती निघतात

हा सगळ्या हिशेबाचा कणा आहे, म्हणून इथे सावकाश चाला.

अमेरिकेत यासाठी वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेचं एक जाडजूड पुस्तक वापरतात. त्यात एका स्वतंत्र बंगल्यामागे दिवसाला साधारण साडेनऊ गाडीफेऱ्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या एका तासात जवळपास एक फेरी असा आकडा आहे. तो उचलून गोत्रीच्या अपार्टमेंटला लावू नका. तिथे दूध आणायलाही मोटार निघते. आपल्याकडे मुलगा ॲक्टिव्हावर क्लासला, वडील बसने किंवा बाइकवर, आजी चालत देवळात, आणि मोटार रविवारी पावागढला.

म्हणून आपले आकडे आपण काढायचे. ज्या प्रकारची स्कीम येणार आहे तशा पाच-सहा राहत्या सोसायट्या निवडा. थोड्या बसच्या मार्गावरच्या, थोड्या आडबाजूच्या. गेटवर दोन मुलं बसवा, एक बाहेर जाणारी वाहनं लिहील, एक आत येणारी, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. सहा ते आठ एवढं पुरे. जेवणाची डिलिव्हरी, शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर, सगळं लिहायचं. मग भरलेल्या फ्लॅटच्या संख्येने भागायचं. कुलूप असलेले फ्लॅट भाजकात घेतले की आकडा खोटा निघतो. वॉचमनला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं.

वाहनं सारखी नसतात, म्हणून त्यांना मोटारीच्या मापात आणायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीचं माप ०.५ आहे, आणि एकूण वाहतुकीत तिचा वाटा दहा टक्क्यांवर असेल तर ०.७५. बडोद्यात तो असतोच. रिक्षाचं १.२ ते २, बसचं २.२ ते ३.७. बसचा आकडा पाहून घाबरू नका. तिच्यात चाळीस माणसं असतात. माणशी काढलं तर बसवाला रस्त्याचा सर्वांत स्वस्त गिऱ्हाईक निघतो, आणि बसथांब्याजवळच्या स्कीमला फीत सूट द्यायला हेच कारण पुरतं.

आता दोन खाचखळगे. दुकानात येणारा प्रत्येक माणूस नवी फेरी करत नाही. ऑफिसातून घरी जाताना वाटेत मेडिकलवर थांबला तर तो रस्त्यावर होताच, दुकानाने त्याला बाहेर काढलं नाही. अशा वाटेतल्या थांब्यांची टक्केवारी दुकानांच्या फेऱ्यांतून वजा करायची. ती कळायला दुकानाबाहेर उभं राहून लोकांना 'कुठून आलात, कुठे चाललात' विचारावं लागतं. लोक सांगतात, चिडत नाहीत.

दुसरा खळगा जास्त फसवा. फेरीला दोन टोकं असतात. भायलीच्या घरातून निघून अल्कापुरीच्या दुकानात गेलेली गाडी तुम्ही घराच्या नावावरही पूर्ण लिहिली आणि दुकानाच्या नावावरही, तर एकाच गाडीचे पैसे दोनदा घेतलेत. एक तर दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी लिहा, नाहीतर भागाकार करताना खाली सगळ्या नव्या टोकांची बेरीज घ्या. मी दुसरी पद्धत वापरतो, समजावायला सोपी पडते.

चौथी पायरी: भागाकार

पुढचे आकडे निव्वळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष कामाचे नाहीत.

समजा यादीतल्या सगळ्या कामांचा खर्च १२० कोटी. आजच्या मोजणीवरून त्यातले ३० टक्के, म्हणजे ३६ कोटी, जुन्या तुंब्याचे निघाले. ते पालिकेचे. आणखी २० टक्के, म्हणजे २४ कोटी, पादऱ्याहून येऊन शहराच्या पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीमुळे लागतात. तिचा या नव्या घरांशी संबंध नाही, तेही वजा. उरले ६० कोटी. सरकारी अनुदानातून १२ कोटी मिळायचं पक्कं असेल तर तेही काढा. शेवटी फीतून उभे करायचे ४८ कोटी.

नव्या घरांची, दुकानांची, ऑफिसांची गर्दीच्या तासातली सगळी टोकं मोटारीच्या मापात मिळून २४,००० भरली, तर एका टोकाला २०,००० रुपये आले. दोन बीएचकेच्या फ्लॅटमागे अर्धं टोक भरत असेल तर त्याची फी १०,०००. शंभर चौरस मीटरच्या दुकानामागे चार टोकं आणि त्यातले ४० टक्के वाटेतले थांबे असतील तर उरलेल्या २.४ टोकांचे ४८,०००.

दुकानदार म्हणेल, फ्लॅटला दहा आणि मला अठ्ठेचाळीस? त्याला मोजणीचा कागद दाखवा. दाखवता आला पाहिजे, हीच तर सगळी गंमत आहे. आणि फ्लॅटवाल्याला 'बिल्डर भरतोय, तुम्हाला काय' असं सांगू नका. बिल्डर ती रक्कम कुठेतरी वसूल करतो. बाजार तेजीत असेल तर घराच्या भावात, मंदीत असेल तर शेतकऱ्याला जमिनीचा भाव पाडून. फी बरीच आधी जाहीर झालेली असेल तर बिल्डर जमीन घेतानाच ती हिशेबात धरतो. अचानक लावली तर ज्याने आधीच सौदा केला तो अडकतो. म्हणून जाहीर करण्यात आणि लागू करण्यात वर्षभराचं अंतर ठेवावं, असं माझं मत.

पाचवी पायरी: कोर्टात टिकेल का?

हे काम वकिलाचं असलं तरी चार गोष्टी तुम्हाला ठाऊक हव्यात.

फीची ताकद कायद्यात स्पष्ट लिहिलेली हवी. आपल्या शेजारच्याच अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाने बांधकामाची परवानगी देताना विकासाची फी घ्यायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितलं, की असा अधिकार ओघाने आला असं धरता येत नाही, कायद्याने तो शब्दांत दिलेला हवा. तेव्हा 'आपण सभेत ठराव करू आणि लावू' असं कोणी उत्साही नगरसेवक म्हणाला तर त्याला हा निकाल वाचायला द्या.

दुसरी गोष्ट फी आणि करातली. १९५४ सालच्या शिरूर मठाच्या खटल्यात न्यायालयाने हा भेद मांडला: कर सर्वांसाठी, फी मिळणाऱ्या सेवेबद्दल. पुढे हे 'देणं-घेणं' अगदी पैशापैशाने जुळायला नको, ढोबळ संबंध चालेल, असं न्यायालयं म्हणत गेली. तरी ढोबळ संबंध दाखवायला तरी तुमच्याकडे मोजणी हवी.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक कडक आहे. ऑरेगॉनमधल्या टिगार्ड शहराने एका प्लंबिंगच्या दुकानाला वाढवायची परवानगी देताना सायकलरस्त्यासाठी जमिनीची पट्टी मागितली. कारण दिलं, की त्याने गाड्या कमी 'होऊ शकतील'. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा 'होऊ शकतील' पकडला: शकतील नको, मागणी आणि परिणाम यांचं माप साधारण जुळतं हे दाखवा. २०२४ साली तर कॅलिफोर्नियाच्या एल डोराडो काउंटीचं प्रकरण गाजलं. स्वतःच्या जागेवर कारखान्यात तयार झालेलं छोटं घर आणून बसवणाऱ्या एका गृहस्थाला २३,४२० डॉलर वाहतूक फी लागली होती. काउंटीचं म्हणणं, हा आमचा सर्वांसाठी ठरलेला तक्ता आहे, एकेकाचा हिशेब कशाला? न्यायालयाने एकमताने सांगितलं, की तक्ता सभेने मंजूर केला म्हणून त्या कसोटीतून सुटत नाही. तक्ता किती बारीक हवा हे मात्र तेव्हा मोकळंच ठेवलं. हे निकाल बडोद्यात बंधनकारक नाहीत, पण तुमचा तक्ता त्या गृहस्थाच्या नजरेने एकदा वाचून बघा.

भारतातलं जवळचं उदाहरण हैदराबादचं. तिथे उंच इमारतींवर शहरपातळीची इम्पॅक्ट फी आणि बाहेरच्या रिंग रोडच्या पट्ट्यात विशेष इम्पॅक्ट फी घेतात. मजले आणि क्षेत्रफळ यांवर ती बसते, फेऱ्यांवर नाही. वसुलीला सोपी, समर्थनाला अवघड.

सहावी पायरी: शेजाऱ्याला बरोबर घ्या

प्रादेशिक रस्ता एका हद्दीत संपत नाही. एका गावाने फी लावली आणि पलीकडच्याने नाही, तर बिल्डर पलीकडे जातो आणि गाड्या अलीकडे येतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीने यावर नामी तोड काढली. तिथली शहरं मिळून एकसारखी वाहतूक फी घेतात, आणि जे शहर सामील होणार नाही त्याला काउंटीच्या विक्रीकरातून रस्त्यांसाठी मिळणारा वाटा मिळत नाही. कोचेला खोऱ्यात ही पद्धत १९८९पासून आहे. सामील व्हा म्हणून कोणी विनवण्या करत बसत नाही.

आपल्याकडे महानगरपालिका आणि वुडा, म्हणजे बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण, ही दोन दारं. २०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही सात गावं पालिकेत आली. हद्द सरकली की आधी एका कार्यालयात भरलेले पैसे आणि नंतर दुसऱ्या कार्यालयाने करायचा रस्ता असा घोळ होऊ शकतो. अशा भागात काम करत असाल तर जुन्या पावत्यांची फाइल आधी शोधा, नकाशा नंतर काढा.

सातवी पायरी: आज हाताशी काय आहे? टीपी

एवढं सगळं सांगितल्यावर मुलं विचारतात, काका, मग बडोद्यात उद्या सकाळी काय करायचं? उद्या सकाळी टीपी स्कीम वाचायची. फेऱ्यांवरची फी आपल्याकडे कायद्यात येईल तेव्हा येईल, रस्त्यांचा पैसा आणि जमीन आज इथूनच निघते.

कायद्याच्या कलम ४०मध्ये जमिनीची विभागणी आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा व मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना ५, आणि प्राधिकरणाने विकून खर्च काढायला १५. मिळून ४०. लोक याला कपात म्हणतात. टक्के थोडे पुढेमागे करता येतात. मसुदा मंजूर झाला की कलम ४८-अ प्रमाणे रस्त्यांची जमीन प्राधिकरणाकडे येते, म्हणून टीपी शेवटाला पोचायच्या कितीतरी आधी रस्ता उघडता येतो. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बहुतांशी असाच झाला. एकामागोमाग टीपी गुंफल्या आणि रस्ता त्यांच्यातून ओवला. जमीन संपादनाच्या रस्त्याने गेले असते तर अजून सुनावण्याच चालल्या असत्या.

पैशाचं सगळं गुपित एफ फॉर्ममध्ये, म्हणजे टीपीतल्या प्रत्येक प्लॉटचं देणं-घेणं मांडणाऱ्या तक्त्यात असतं. तो पाहून घाबरायला होतं, पण उदाहरणाने सोपा आहे. पुन्हा कल्पित आकडे. तुमचा मूळ प्लॉट, म्हणजे ओपी, ५,००० चौरस मीटर, भाव मीटरला २,००० रुपये, किंमत १ कोटी. ४० टक्के कपातीनंतर अंतिम प्लॉट, म्हणजे एफपी, ३,००० मीटरचा. जुन्याच भावाने त्याची किंमत ६० लाख. म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई ४० लाख. आता रस्ते वगैरे झाले असं धरून भाव मीटरला ६,०००, तेव्हा एफपीची किंमत १ कोटी ८० लाख. ६० लाखांवरून १ कोटी ८० लाख, वाढ १ कोटी २० लाख. कलम ७९प्रमाणे या वाढीच्या निम्म्याहून जास्त वर्गणी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं बेटरमेंट, घेता येत नाही. पूर्ण निम्मी धरली तर ६० लाख. त्यातून भरपाईचे ४० लाख वजा, निव्वळ देणं २० लाख.

शेतकरी ४० टक्के जमीन जाऊन वर २० लाख द्यायचे ऐकून खवळतो, आणि ते समजण्यासारखं आहे. त्याला १ कोटीच्या जमिनीचे १ कोटी ८० लाख झाल्याचं शांतपणे दाखवा. पण हे 'झालं' रस्ता प्रत्यक्ष झाला तरच. कागदावर भाव वाढला आणि बाहेर बाभळी तशाच, अशा वेळी तो चिडला तर त्याचंच खरं.

टीपीची मर्यादाही ध्यानात असू द्या. वर्गणी स्कीमच्या हद्दीतल्या कामांची. तिच्यामुळे तीन किलोमीटरवरच्या चौकात जी गर्दी होते तिचा हिशेब एफ फॉर्ममध्ये कुठेच येत नाही. वरच्या सहा पायऱ्या शिकायच्या त्या ह्या चौकासाठी.

आठवी पायरी: पैसे घ्यायचे कधी, ठेवायचे कुठे

रजाचिठ्ठीच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, वेळी घेतले तर पैसे लवकर येतात, पण बिल्डरचा हात तेव्हाच सर्वांत आखडलेला असतो. वापर-परवानगीच्या वेळी घेतले तर गाड्या आणि पैसे एकाच वेळी येतात, मात्र परवानगी न घेताच लोक राहायला जातात हा आपला अनुभव. मी म्हणेन, निम्मे आधी, निम्मे नंतर.

बिल्डरने यादीतलंच काम स्वतः केलं, समजा समोरचा चौक बांधून दिला, तर तेवढी रक्कम फीतून वळती करायची. यादीत नसलेलं काम केलं, स्वतःच्या गेटपुढे कारंजं बसवलं, तर एक रुपयाही नाही. छोट्या परवडणाऱ्या घरांना माफी द्यायची असेल तर द्या, पण तो खड्डा पालिकेने भरावा. बाकीच्यांच्या फीत हळूच चढवू नये.

खातं वेगळं ठेवा. एकदा पैसे सामान्य निधीत मिसळले की ते परत ओळखता येत नाहीत. कॅलिफोर्नियात वर्ष संपल्यावर १८० दिवसांच्या आत खात्यात किती आले, किती गेले, कुठल्या कामाला गेले, हे जाहीर करावं लागतं. पैसे पडून राहिले तर दर पाच वर्षांनी ते अजून का लागतात ते लेखी दाखवावं लागतं, नाहीतर त्या वेळच्या मालकांना परत द्यावे लागतात. परत देण्याची भीती असली की रस्ता लवकर होतो. आपल्याकडे असं कलम आलं तर मी पेढे वाटेन.

सुनावणीला जाताना

टीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला एक महिना मिळतो. त्या महिन्यातले पहिले दहा दिवस लोक एकमेकांना व्हॉट्सॲप पाठवण्यात घालवतात. तुम्ही सातबारा, ओपी-एफपीचा नकाशा आणि मसुद्यातला तुमच्या प्लॉटचा उतारा आधी काढून घ्या. हरकत एका पानात, एका मुद्द्यावर. 'आमच्यावर अन्याय झाला' लिहू नका. 'एफपी अमुकला जोडणारा बारा मीटरचा रस्ता नकाशात दाखवला आहे, त्याचा खर्च धरलेला नाही' असं लिहा. चौकाबद्दल बोलायचं असेल तर तीन संध्याकाळींची मोजणी जोडा, तारखेसकट. दोन प्रती न्या, आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घ्या, शिक्क्यावरची तारीख वाचता येते का ते खिडकी सोडण्याआधी बघा, आणि ती प्रत घरी नेऊन लॅमिनेट करू नका. पुढच्या सुनावणीत तीच मागतात आणि तिच्यावर पुन्हा शिक्का मारायचा असतो.